बारा गावांचे डॉक्टर

नेवगीसरांच्या शिकवणीच्या बारा गावांत शाखा, प्रत्येकीची वेगळी वेबसाइट आणि सरांचा तोरा तर विचारूच नका. वेबसाइट सांभाळणाऱ्या मंजिरीने सगळ्यांना लागणारा सारखा कोड एका जागी ठेवला, तर सर खेकसले, "एका जागी बिघडलं की बाराही बुडाल्या! ज्याची त्याला वेगळी नक्कल दे, नाहीतर घरी बस." नोकरी टिकवायची म्हणून तिने मुकाट्याने बारा नकला केल्या.

पुढे सरांनी कुठूनशी मानद डॉक्टरेट पटकावली. "संध्याकाळी सत्कार आहे. तोवर बाराही ठिकाणी माझ्या नावाआधी डॉक्टर दिसलं पाहिजे, नाहीतर तू गेलीस!"

"एकेक नक्कल उघडून तीत जागोजागी तुमचं नाव बदलायचं, सर. संध्याकाळपर्यंत चारच होतील," मंजिरी म्हणाली. "तर कोणत्या चार गावांत तुम्हाला डॉक्टर करू?"

सरांचा आवाज एकदम खाली आला. "घाल बाई सगळं परत एका जागी."