दोन नळ्या

एका तालुक्याच्या गावी धावपटूंचे एक प्रशिक्षण केंद्र होते. केंद्राला स्वतःची लहानशी प्रयोगशाळा होती. खेळाडूंचे रक्त आणि लघवी तपासून कोणाला किती सराव झेपेल, हे तिथे ठरत असे. दिगंबर टोणपे हे तिथले तंत्रज्ञ. वीस वर्षांत त्यांचा एकही अहवाल चुकला नव्हता. त्यामुळे त्यांनी लिहिलेला आकडा कोणी पुन्हा तपासत नसे.

एका तपासणीत रमिला वळवी नावाच्या मुलीच्या रक्तात साखर फार निघाली. प्रशिक्षक बारटक्के मॅडमनी तिला उपचारांसाठी घरी पाठवले. रमिला सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली. केंद्रात तिच्याइतके वेगाने कोणी धावत नव्हते. ती पिशवी भरून गेली.

पुढच्या दोन आठवड्यांत केतकी ढमढेरे ही दुसरी मुलगी मागे पडू लागली. ती सारखे पाणी पिई, लवकर दमे. मॅडम तिला आळशी म्हणाल्या आणि दोन फेऱ्या वाढवल्या. तिसऱ्या दिवशी केतकी मैदानातच कोसळली. इस्पितळात कळले, तिला मधुमेह आहे. वेळेवर उपचार मिळाले म्हणून ती वाचली.

टोणपे अस्वस्थ झाले. मागच्या तपासणीत केतकीच्या रक्तात साखर हवी तेवढीच आहे, असे त्यांनी लिहिले होते. त्यांनी जुने कागद काढले. लघवीच्या बाटल्यांवर मुलींनी स्वतः नावे लिहिली होती. त्यात केतकीच्या लघवीत साखर भरपूर होती आणि रमिलाच्या लघवीत मुळीच नव्हती. रक्ताचे आकडे नेमके उलटे होते. मग त्यांना आठवले. त्या दिवशी घाईत त्यांनी आधी दोघींचे रक्त काढले आणि चिठ्ठ्या मागाहून चिकटवल्या. नळ्यांची अदलाबदल झाली होती. लघवीचा अहवाल हाती आला तेव्हाही हा फरक त्यांना दिसला होता. पण आपले रक्ताचे काम चुकेल, हे त्यांच्या मनाला पटले नव्हते.

हे कागद दुसरे कोणी बघणार नव्हते. केतकीला आजार नंतर झाला, असेच सगळे समजत होते.

टोणपे उठले आणि कागद घेऊन मॅडमकडे गेले. सगळे सांगितले.

मॅडमनी कागद दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "रमिलाला फोन करा. फेरतपासणी आहे, एवढंच सांगा. तुमचं नाव कशाला खराब करायचं?"

"तिचं नाव मी खराब करून बसलोय, मॅडम," टोणपे म्हणाले. "मलाच जायला हवं."

दोन बस बदलून आणि पुढे डोंगर चढून ते पाड्यावर पोहोचले. रमिला अंगणात बसून होती. तिने धावणे सोडले होते. आई तिला रोज कडू पाल्याचा रस देत होती. चुलत बहिणीच्या लग्नात तिला गोडाचा घासही मिळाला नव्हता. शेजारचे लोक गोळा झाले. सगळ्यांसमोर टोणपे म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. दुसऱ्या मुलीचं रक्त मी हिच्या नावावर लावलं. चूक माझी आहे. मला माफ करा."

रमिलाचे वडील म्हणाले, "साहेब, आमची पोर पंधरा दिवस रडली."

टोणपेंनी मान खाली घातली.

रमिलाने विचारले, "सर, मग ते रक्त कोणाचं?"

"केतकीचं. ती इस्पितळात आहे. आता बरी आहे."

"चला, मला तिला भेटायचंय," रमिला म्हणाली आणि पिशवी आणायला आत गेली.

राज्य स्पर्धेची निवड तोवर होऊन गेली होती. रमिलाचे ते वर्ष वाया गेले, ते कोणाला परत देता आले नाही. केंद्राने रक्त काढायला आणखी एक तंत्रज्ञ नेमला. पुढच्या तपासणीला मुलींच्या दोन रांगा लागल्या. टोणपेंसमोरची रांग अगदी लहान होती. रमिला त्या रांगेत येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

टोणपेंनी आधी नळीवर तिचे नाव लिहिले, तिला वाचायला लावले आणि मगच सुई उचलली.

तात्पर्य: चूक कोणाच्याही हातून होते, ती स्वतः जाऊन कबूल करणाऱ्यावरच लोक पुन्हा विश्वास ठेवतात.