द्वारकीचा हात

कोकमाच्या झाडांनी वेढलेल्या एका गावात द्वारकी नावाची एक बाई राहत होती. ती रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया कुटून तेल काढायची, त्यात थोडे मेण वितळवून फुटलेल्या ओठांसाठी मलम करायची. तिचा आवाज इतका बारीक होता, की लोक तिला दोनदा विचारत.

तिचा एक नियम होता. नवी वनस्पती मलमात घालायची, तर आधी ती स्वतःच्या हाताला लावायची आणि एक दिवस थांबायचे.

ऐन थंडीत खोतांच्या लेकीचे, अंबूचे, लग्न ठरले. लग्नाच्या आदल्या सकाळी खोतीणबाई एक लाल मुळी घेऊन आल्या. जत्रेतल्या फिरत्या विक्रेत्याने ती दिली होती.

"हिने ओठ डाळिंबासारखे होतात म्हणे. मलमात घाल. दुपारपर्यंत हवंय."

द्वारकीने मुळी हुंगली. "हिचं नाव काय?"

"नावाशी काय करायचंय तुला? झाडपाल्याचं औषध आहे, अपाय कसला व्हायचा?"

"बिब्बाही झाडाचाच असतो, बाई, तरी कातडी जाळतो. मी आधी हाताला लावते. उद्या सकाळी सांगते."

"उद्या सकाळी मुलगी बोहल्यावर असेल. घालतेस की नाही?"

"नाही."

हा शब्द मात्र खोतीणबाईंना एकदाच ऐकून कळला. त्या म्हणाल्या, "मग आमच्या रातांब्यांखाली पुन्हा पाय ठेवायचा नाही." गावातली सगळी कोकमाची झाडे खोतांचीच होती. "लाव तुझ्या हाताला," म्हणत मुळीचा एक तुकडा द्वारकीजवळ टाकून त्या निघून गेल्या. घरी त्यांनी मोलकरणीकडून उरलेली मुळी तेलात उकळून घेतली.

द्वारकीने तो तुकडा तेलात उगाळून मनगटाच्या आत लावला. संध्याकाळी मनगटाची आग सुरू झाली. सकाळी तिथे फोड आले होते.

ती घरी बसली असती, तरी खोतीणबाईंना धडा मिळालाच असता. क्षणभर तिला तेच बरे वाटले. पण ओठ अंबूचे होते. द्वारकी उठली.

खोतांच्या ओटीवर बायकांची गर्दी होती. अंबूने लाल मलमाच्या डबीत बोट बुडवले होते. द्वारकीला गर्दीत बोलता येईना. तिने पदर सारला आणि हात सगळ्यांसमोर धरला.

बायका फोड बघायला पुढे झुकल्या.

खोतीणबाई सावरून म्हणाल्या, "तुझ्या कातडीला नसेल मानवली."

"असेल. मग आधी तुमच्या हाताला लावा."

डबी समोरच होती. खोतीणबाईंचा हात पुढे झाला नाही. अंबूने आईकडे पाहिले, बोट फडक्याला पुसले आणि विचारले, "द्वारकीमावशी, तुझं साधं मलम आणलंयस का?"

द्वारकीने कनवटीला खोचलेली डबी काढली.

"रातांबे पिकले की वेचायला ये," खोतीणबाई खाली बघत म्हणाल्या.

"येईन. पण नियम तोच राहील."

पुढच्या थंडीत खोतीणबाई कसलासा नवा पाला घेऊन द्वारकीच्या दारी आल्या. द्वारकी काही विचारणार, तोच त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि मनगट पुढे केले.

द्वारकीने तो पाला तेलात वाटून थेंबभर मनगटाला लावला. "आता उद्या या," ती म्हणाली.

तात्पर्य: रानातले म्हणून सगळेच निर्धोक नसते, अनोळखी वनस्पती पारखल्याशिवाय कुणाच्या अंगाला लावू नये, आणि कुणी दटावले तरी ती पारख सोडू नये.