हिरकी आणि चंदेरी वेल

डोंगराच्या कुशीत, करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, एका इवल्याशा झोपडीत हिरकी आणि तिची आई राहत. आई टोपल्या विणायची. पण थंडी सुरू झाली आणि तिला खोकला जडला. बोलता बोलता श्वास अडके, हातातली बांबूची काडी गळून पडे. चूल कधी पेटे, कधी नाही.

एका सकाळी हिरकी कंद शोधायला रानात गेली. तिथे चंदेरी पानांची एक नाजूकशी वेल वाऱ्याने कोसळून चिखलात पडली होती.

"अगं बाई, फार लागलं का गं तुला?" म्हणत हिरकीने तिला उचललं. वेलीला बारीक काटे होते. चिमुकली बोटं रक्ताळली, तरी तिने गुंता सोडवून वेल पुन्हा झाडावर चढवली.

तोच पानापानांतून सोनेरी उजेड झिरपला आणि चतुरासारख्या झिरझिरीत पंखांची एक परी समोर आली.

"हिरके, एक इच्छा माग. पण ती पुरी झाली की ही वेल कायमची सुकेल. ते नको असेल, तर रोज ओंजळभर पानं ने. त्यांचा काढा आईच्या खोकल्याला हळूहळू गुण देईल. मूळ मात्र उपटायचं नाही."

हिरकीचे डोळे भरून आले. आई आत्ताच्या आत्ता बरी झाली असती! पण शेजारच्या सखूमावशीची छोटुकली रंगीही अशीच धापा टाकत होती.

"मला पानं दे," ती डोळे पुसत म्हणाली. "मी रोज येईन."

आणि ती रोज गेली. धुक्यातून गेली, निसरड्या कातळावरून गेली.

"पोरी, पाय बघ कसे सोलवटलेत! नको जाऊस," आई म्हणाली.

"सोलवटू देत. तू आधी काढा पी."

अर्धा काढा रंगीला जाई. हळूहळू खोकला उतरला. एके दिवशी आईने न थांबता अख्खी टोपली विणली, अन् अंगणात रंगी कोंबड्यांमागे धावू लागली!

हिरकी धापा टाकत रानात पोचली. परी वाटच बघत होती.

"तू वेलीला ओरबाडलं नाहीस. आता इच्छा माग, वेल सुकणार नाही."

"आमच्या पाड्यात दारोदारी ही वेल चढू दे!"

परी खुदकन हसली. वेलीवर निळ्या, गुलाबी, केशरी फुलांच्या घंटा डुलू लागल्या. सगळं रान लखलखलं, आणि त्या लखलखाटात परी विरघळून गेली.

हिरकीच्या ओटीत चमचमत्या बिया पडल्या होत्या. ओटी घट्ट धरून तिने सखूमावशीच्या दाराकडे धूम ठोकली.