शिवगोंडांच्या नावाची घंटा

"मग माझी माणसं मन लावून काम का करत नाहीत, तेवढं सांगा आप्पा!"

राजशेखर मगदूम आल्यापासून हेच विचारत होते. मठाच्या टेकडीखालच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा ओतकामाचा कारखाना. पाण्याच्या पंपांचे बिडाचे सांगाडे तिथं ओततात. माणूस कर्तबगार, त्यात वाद नाही. फक्त समोरच्याचं उत्तर यायच्या आत आपलं सांगून मोकळं व्हायची खोड.

मठाचे आप्पास्वामी ओसरीवर चिंच फोडत बसले होते. चिंचोके एकीकडं, गर दुसरीकडं.

"तुम्ही काय काय केलं त्यांच्यासाठी?"

"काय नाही केलं ते विचारा! नवे गणवेश दिले. दिवाळीला मिठाईच्या जागी चांदीचं नाणं दिलं. पुण्याहून एक सर बोलावले, त्यांनी सगळ्यांना फुगे फोडायला लावले. म्हणे त्यानं एकी वाढते."

"फुटले का फुगे?"

"फुटले की. आणि संध्याकाळी भोंगा झाला तसे हातातलं टाकून सगळे घरी. भट्टीत लोखंडाचा रस तयार होता, आप्पा! वळून कुणी बघितलं नाही."

आप्पांनी पुढची चिंच उचलली.

"तुम्ही एक प्रवचन करा," राजशेखर म्हणाले. "कामावरच्या निष्ठेवर. तुमचं ऐकतील. आणि दुसरं म्हणजे... सोमवारी ईश्वरा मिस्त्रीला घरी बसवतोय. आशीर्वाद असू द्या."

आप्पांचा हात थांबला.

ईश्वरा मिस्त्री थोरल्या मगदुमांच्या, म्हणजे शिवगोंडांच्या हाताखाली तयार झालेला. साचा बांधावा तर ईश्वरानं, हे राजशेखरही चारचौघांत सांगायचे. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. या वयात त्याला दुसरीकडं कोण उभं करणार?

"काय चुकलं त्याचं?"

"बोलत नाही."

"न बोलल्याबद्दल काढताय?"

"तसं नव्हे ओ. आधी भांडायचा माझ्याशी. 'मालक, हे दारातनं बाहेर जायचं नाही, परत ओतूया.' डोकं खायचा नुसता. आता काहीही सांगा, 'बरं मालक'. त्याचं बघून बाकीचे तसेच. एक नासका आंबा आढी नासवतो म्हणतात ते खोटं नाही."

"भांडायचा कधी थांबला?"

"आता ते काय लक्षात..."

राजशेखर बोलता बोलता अडखळले.

"एक मोठी ऑर्डर होती," ते म्हणाले. "ट्रक दारात उभा. सांगाड्यांना भोकं पडलेली. साच्यात हवा अडकली की पडतात. हा हटून बसला, परत ओतायचं म्हणून. वेळ कुठं होता? शेवटी मीच बाह्या सारल्या, पुट्टी भरली, वरून रंग मारला. म्हटलं, बघा रे, दिसतंय का काही? माल गेला. एक तक्रार आली नाही."

"शिवगोंडा काय करायचे अशा वेळी?"

"बाबा?" राजशेखरना हसू आलं. "ते स्वतः घण घालायचे. सगळ्यांच्या देखत. तुकडे परत भट्टीत. त्यांचा काळ निराळा होता, आप्पा. तेव्हा परवडायचं."

आप्पांनी हात धुतले, पंच्याला पुसले.

"या माझ्याबरोबर."

अंगणात घंटा टांगलेली होती. चांगली जाडजूड, काशाची, वरून सोनेरी रंग दिलेली. वर ठळक अक्षरं: कै. शिवगोंडा मगदूम यांच्या स्मरणार्थ. गेल्या वर्षी राजशेखरनीच आपल्या कारखान्यात ओतून घेतलेली. बांधली त्या दिवशी हलगी काय, लेझीम काय, फटाके काय! घंटेचा आवाज कुणाच्या कानी पडायची सोयच नव्हती. त्यानंतर राजशेखर मठाकडं फिरकले ते आज.

शेजारी मठाची जुनी लहान घंटा होती. तिची दोरी हात लागून लागून काळी झालेली. नव्या घंटेची दोरी कोरी करकरीत.

"वाजवा," आप्पा म्हणाले.

राजशेखरनी दणकून दोरी ओढली.

ठप्.

धान्याच्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. वरच्या तुळईवरचं कबूतर जागचं हललंसुद्धा नाही.

पुन्हा ओढली.

ठप्.

राजशेखरनी घंटेवरून बोटं फिरवली. सगळं गुळगुळीत. पण हवा कुठं अडकते ते त्यांना ठाऊक होतं. खिशातली किल्ली काढून त्यांनी वडिलांच्या नावाखाली जोरात खरवडलं. तळहातावर करड्या रंगाची भुकटी पडली.

पुट्टी.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या बापाच्या नावाची घंटा! देवाच्या दारातली! हिच्यातसुद्धा? सोमवार कशाला, आत्ताच काढतो त्याला!"

त्यांनी तिथंच फोन लावला.

"बोला मालक," पलीकडून ईश्वराचा आवाज आला.

"ईश्वरा, मठातल्या घंटेत पुट्टी कुणी भरली?"

"मी भरली मालक."

"तोंड वर करून सांगतोस?"

"भोक पडलंय, काय करू, म्हणून विचारायला आलो होतो की मालक. तुम्ही कुणाशी तरी फोनवर होता. नेहमीचं करा म्हणालात."

आवाजात भीती नव्हती, रागही नव्हता.

"...काढू का खाली? काय करायचं सांगा, तसं करतो."

 राजशेखरनी फोन बंद केला. ते तळहातावरच्या भुकटीकडं बघत उभे राहिले. वडील गेले तेव्हाही माणूस एवढा एकटा दिसला नव्हता.

"आप्पा..." शेवटी ते कसेबसे म्हणाले. "तुम्हीच सांगा. याला मन लावून केलेलं काम म्हणायचं का?"

आप्पांनी घंटेवरून हळूच हात फिरवला.

"म्हणायचं की. वर्षभर रोज पुसतोय मी हिला. पुट्टी कुठं भरलीय, ते मला आज कळलं."