दाजीसाहेबांनी मोजलेले हत्ती

आमच्या गावच्या धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टर रेवती घाटपांडे लहान मुलं आणि मोठी माणसं, दोन्ही तपासतात. दोन्हींचं रीतसर शिक्षण घेतलंय त्यांनी. माझी चार वर्षांची शाल्मली आणि मी, दोघी दमेकरी, त्यांच्याच पेशंट. लेकीची प्रत्येक शिंक मी वेळेसकट वहीत लिहिते आणि स्वतःचा पंप घरी विसरते. हे ओळखणारी डॉक्टर मला दुसरी कुठे मिळणार?

त्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात असताना मुख्य विश्वस्त दाजीसाहेब इंगवले साखर तपासायला आले आणि सगळ्यांसमोर गरजले, "बाई, दोन्ही करणाऱ्याला एकही धड येत नाही. लहानांच्या की मोठ्यांच्या, काय ते एक सांगा. नाहीतर उद्यापासून येऊ नका!"



"सांगते. आधी तुमचं रक्त घेऊ," डॉक्टर म्हणाल्या.

सुई दिसताच दाजीसाहेबांनी हात पाठीमागे लपवला. "आज नको. अमावास्या आहे."

"बरं. त्या खिडकीच्या पडद्यावर हत्ती छापलेत, ते किती हो? शाल्मलीला सतराच सापडले."

"सतरा? छे!" दाजीसाहेब एका हाताने मोजू लागले, दुसरा आपसूक टेबलावर आला. एकोणिसाव्या हत्तीला डॉक्टरांनी कापूस दाबला. "झालं."

"कधी?"

"दाजीसाहेब, साखर मोठ्या माणसाची होती, हात लहान मुलाचा. आता यातली कोणती डॉक्टर उद्यापासून नको, ते तुम्हीच सांगा."

 न रडल्याबद्दल मिळालेली चांदणी शाल्मलीने फ्रॉकवरून काढली आणि दाजीसाहेबांच्या जाकिटावर चिकटवली. विश्वस्तांच्या बैठकीला ते तसेच गेले.