डोहावरचे ठसे

सागाच्या एका विरळ जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक सायाळ राहत असे. अंगावर काटे आणि बोलणे सरळ, त्यामुळे तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. शेजारच्या टेकाडात एका सशिणीचे बीळ होते. सशीण स्वभावाने भोळी, आणि तिला नुकतीच पिल्ले झाली होती.

त्या उन्हाळ्यात ओढा आटला. पाणी उरले ते फक्त एका डोहात. एका कोल्ह्याने त्या डोहाभोवती काट्यांचे कुंपण घातले, आत जायला एकच वाट मोकळी ठेवली आणि स्वतः त्या वाटेवर बसला. पाण्याची नासधूस होऊ नये, आपले कोण नि परके कोण हे कळावे, म्हणून ही सोय केली आहे, असे तो येईल त्याला गोड आवाजात सांगू लागला. पाणी फुकट होते. फक्त पिणाऱ्याने ओल्या मातीच्या वडीवर आपल्या पंजाचा वा खुराचा ठसा उमटवायचा आणि आपण कुठे राहतो ते सांगायचे; कोल्हा ते त्याच वडीवर खुणांनी कोरून ठेवी. वड्या वाळल्या की कोल्हा त्या आपल्या गुहेत नेऊन ठेवी.

हरणे म्हणाली, पावलांचे ठसे तर आपण जंगलभर उमटवतच असतो, त्यात काय मोठेसे? सशिणीनेही आनंदाने ठसा दिला. आपण काही चोर नाही, मग आपल्याला लपवायचे आहेच काय, असे तिचे म्हणणे. बिळाची मागची वाट कोणत्या झुडपाखाली निघते, हेही कोल्ह्याने विचारले आणि तिने सांगून टाकले. मुलांनो, तिला हसू नका. मोबाइलवर ‘मान्य आहे’ असे दिसले की आपणही न वाचता असेच बोट टेकवतो.

सायाळ मात्र वाटेतच थांबली. तिने कोल्ह्याला विचारले, “हे ठसे तू कुणाकुणाला दाखवणार?”

“कुणालाही नाही. माझ्या गुहेत सगळे अगदी सुरक्षित आहे,” कोल्हा म्हणाला.

“मग बिळाच्या मागच्या वाटेचा आणि पाण्याचा संबंध काय?”

मागे रांग खोळंबली आहे, एवढेच कोल्हा म्हणाला. रांगेतली जनावरेही कुरकुरू लागली, की हिला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे. सायाळीचा घसा कोरडा पडला होता. तिने दातओठ खात पंजा मातीवर दाबला आणि ती पाणी प्यायली.

पुढे एके सकाळी सशीण चरून परत आली, तर बीळ रिकामे. समोरच्या बाजूला कुणी फिरकल्याची खूणही नव्हती. पावलांच्या खुणा सांगत होत्या, की लांडगा थेट मागच्या झुडपाशी आला होता, जणू त्याला कुणी बोट धरून आणले होते. झुडपाखाली मातीची एक वाळलेली वडी पडली होती आणि तिच्यावर सशिणीच्याच पंजाचा ठसा होता.

रडत रडत ती कोल्ह्याकडे गेली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. गुहेतून एखादी वडी कुणी उचलली असेल तर त्याला आपण काय करणार, आणि ठसा तर तूच स्वतःहून दिला होतास, असे म्हणून तो पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला. पाण्यावर जमलेल्यांनीही सशिणीलाच धारेवर धरले. घरात पिल्ले असताना मागची वाट कुणी सांगते का, असे हरणे म्हणाली. बीळ आणखी खोल खणायला हवे होते, असे माकडाने सुनावले. ते स्वतः जन्मात कधी बिळात राहिले नव्हते. सशीण मान खाली घालून ऐकत राहिली, जसा काही सारा अपराध तिचाच होता.

सायाळीच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. “हिला काय जाब विचारता?” ती म्हणाली. “सांभाळतो म्हणून ज्याने घेतले, त्याला विचारा.”

ती सशिणीला घेऊन म्हाताऱ्या हत्तिणीकडे गेली. जंगलातले तंटे हत्तीण सोडवीत असे आणि तिचा शब्द सगळे मानीत. तिने कोल्ह्याला बोलावून घेतले. कोल्हा मुळीच डगमगला नाही. आपण कुणावर जबरदस्ती केली नाही, प्रत्येकाने आपल्या पायांनी येऊन संमती दिली, या तक्रार करणाऱ्या सायाळीनेसुद्धा दिली, असे त्याने ठासून सांगितले.

हत्तिणीने विचारले, “ज्याने ठसा दिला नसता, त्याला तू पाणी पिऊ दिले असतेस?”

“नाही,” कोल्हा म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

“मग ती त्यांची संमती नव्हती, ती त्यांची तहान होती. आणि डोह तुझ्या बापाचा नाही.”

वडी लांडग्याकडे कशी गेली, हे हत्तिणीने खोदून खोदून विचारले. शेवटी कोल्ह्याला कबूल करावे लागले, की लांडगा त्याला शिकारीतला वाटा पोचवीत होता. ते ऐकून हरणांच्या माना खाली गेल्या. हत्तिणीने स्वतः जाऊन कुंपण उपटून टाकले, गुहेतल्या सगळ्या वड्या बाहेर काढून पायाखाली चुरल्या आणि कोल्ह्याला नि लांडग्याला डोंगरापलीकडे हाकलून दिले. जनावरांनी आनंदाने ओरडून जंगल दणाणून सोडले. सायाळ मात्र चुरलेल्या वड्यांकडे पाहत राहिली. वड्या मोडल्या, पण लांडग्याने जे पाहिले ते त्याच्या डोक्यातून कोण पुसणार होते? घर बदलता येते, पंजा बदलता येत नाही. आणि पिल्ले तर परत येणारच नव्हती.

सशिणीने ते टेकाड सोडले आणि दुसरीकडे नवे बीळ खणले. ते कुठे आहे हे तिने कुणालाच सांगितले नाही, सायाळीलासुद्धा नाही. आणि सायाळीनेही तिला ते कधी विचारले नाही.

तात्पर्य : अडवून घेतलेला होकार हा होकार नसतो. आपली ओळख मागणाऱ्याला ‘कशासाठी आणि कुणाला देणार’ असे विचारणे हा आपला हक्क आहे. आणि सांभाळायला घेतलेली ओळख फुटली, तर दोष ओळख देणाऱ्याचा नसतो, ती घेणाऱ्याचा असतो.