कुंभाराच्या हातावरची गाठ

एका गावात एक म्हातारी राहत असे. तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालावं तर तिनंच. गावातली बहुतेक नाकं तिनं अंगठ्यानं दाबून सरळ केली होती. जी सरळ झाली नाहीत, त्यांच्याबद्दल ती ‘बापावर गेलंय’ एवढंच म्हणे.

तिचा मुलगा कुंभार होता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. एक दिवस मडकी भाजायचा आवा रचताना तो घसरून पडला आणि त्याच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. चाकावर माती उठायची ती त्याच हातानं. सगळं घर त्या एका हाडावर येऊन ठेपलं.

शेजारच्या गावचा हाडवैद्य आला. त्यानं हाड जागेवर बसवलं, बांबूच्या कामट्या लावल्या आणि फडक्यानं घट्ट बांधलं. “दोन महिने सोडायचं नाही,” एवढं सांगून तो गेला.

तीन आठवड्यांनी म्हातारीनं ते सोडलंच. फडकं मळलं होतं, हे निमित्त. मोडल्या जागी लिंबाएवढी गाठ आली होती.

“बघ, आत रक्त साखळलंय,” ती म्हणाली. “चोळून काढायला हवं.”

“आत्याबाई, वैद्यांना विचारायचं का?” सून हळूच म्हणाली.

“त्याला काय विचारायचं? अख्खं गाव माझ्या हाताखालून गेलंय.”

सून नवी होती. ती तेल कोमट करायला गेली.

म्हातारीनं जीव लावून चोळलं. गाठ अंगठ्याखाली दबली तशी ती खूश झाली. मग हात मधेच वाकला आणि मुलाचा चेहरा पांढराफटक पडला.

वैद्य पुन्हा आला. त्यानं हात चाचपून बघितला.

“मला वाटलं, आत घाण साचलीय,” म्हातारी म्हणाली.

“घाण नव्हती, काकू. कानाचा वरचा भाग दाबून बघा. लवतो ना? ती कूर्चा. मोडलं हाड सांधताना शरीर आधी तशी मऊ कूर्चा घालतं. मग तिच्यात हळूहळू चुना भरतो आणि तिचं हाड होतं. तुम्ही चोळलंत तेव्हा ते हाड तान्हं होतं.”

“तान्ह्याला तेल लावायचं नाही, हे पहिल्यांदाच ऐकते,” म्हातारी पुटपुटली. पण तिचे डोळे भरले होते.

वैद्यानं पुन्हा बांधलं. “आता मोडलं, तर हात वाकडाच राहील,” तो म्हणाला.

पुन्हा तीन आठवडे गेले. फडक्याखाली गाठ पुन्हा हाताला लागू लागली. एका दुपारी मुलगा कळवळून म्हणाला, “आई, फार ठणकतंय गं. जरा चोळ ना.”

लेकरानं मागावं आणि आईनं देऊ नये, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. म्हातारीचा हात फडक्याच्या गाठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

सून उठली. तेलाची वाटी घेऊन आली आणि सासूकडे पाठ करून बसली. तिनं अंबाडा सोडला.

“आत्याबाई, माझ्या डोक्याला लावा.”

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं. मग मुलाचा हात अलगद खाली ठेवून तिनं वाटी ओढली आणि सगळी माया, सगळी काळजी सुनेच्या टाळूवर ओतली. सुनेची मान हेलकावे खाऊ लागली.

“अगं, तिला तरी सोड,” मुलगा दुखण्यातही हसला.

पुढे रोज दुपारी तेच. तोवर त्या दोघी मीठ आणि सरपण एवढ्यावरच बोलत. आता सून माहेरच्या गोष्टी सांगू लागली. तिच्या केसांतलं तेल मात्र महिनाभर निथळत होतं.

दिवस भरल्यावर वैद्यानं कामट्या काढल्या. हात सरळ होता. गाठ दगडासारखी घट्ट झाली होती.

“आणि ही? ही तरी चोळू का?” म्हातारीनं विचारलं.

“नको. शरीरच ती तासून काढेल. वर्ष लागेल, दोन लागतील.”

म्हातारीनं आपला तळहात त्या गाठीवर ठेवला. दाबला मात्र नाही.

तात्पर्य: नवं जुळतं ते आधी मऊच असतं. त्याला घाईनं घडवायला जाऊ नये. जपावं आणि वेळ द्यावा.